समुद्रकांठचें दूरश्रवण

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी-स्थानक लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें सुरू झालें, तेव्हां त्याच्या प्रक्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी ही खासगी संस्था तें चालवीत असे, आणि त्याचा आवाज भरंवशानें पोंचावयाचा तो सुमारें ३० मैलांच्या आंत. मुंबई हा मध्यबिंदु धरून नकाशावर तेवढ्या त्रिज्येचें वर्तुळ काढलें, तर त्यांत ठाणें येतें, कल्याण येतें. नाशिक येत नाहीं. सरळ रेषेनें मोजलें तरी नाशिक मुंबईपासून नव्वद मैलांहून अधिक दूर, आणि दोहोंच्या मध्यें सह्याद्रीची भिंत.

गोदातीरावरच्या वाड्यांत त्या काळीं ज्या कोणीं रेडिओ आणला असेल, त्याच्या दृष्टीनें मुंबई हीहि परगांवचीच होती. वर्तुळाबाहेरच्या श्रोत्याचा अनुभव सर्वत्र एकच असतो. दिवसां कांटा कितीहि फिरविला तरी खरखरीवांचून फारसें कांहीं लाभत नाहीं. दिवेलागण झाली कीं गाणें हळूंच वर येतें, चार मिनिटें शेजारीं बसून गाइल्यासारखें ऐकूं येतें, मग विहिरींत उतरल्यासारखें खोल जातें आणि पुन्हां वर येतें. आवाज तोच, यंत्र तेंच. मग हा फरक कोण करतो? या प्रश्नाचा पाठपुरावा करीत जगांतील कांहीं माणसें शंभर वर्षें समुद्रकांठीं जाऊन बसत आलीं आहेत. त्यांचा तो छंद समजून घेतला, तर छंदापलीकडची एक मोठी गोष्टहि ध्यानांत येते.

मध्यम लहरींचा पट्टा रेडिओच्या तबकडीवर साधारणतः ५३० पासून १६०० किलोहर्ट्झपर्यंत असतो. या लहरी प्रक्षेपकाच्या मनोऱ्यावरून निघाल्या कीं दोन वाटांनीं जातात. एक वाट जमिनीला चिकटून जाणारी, दुसरी तिरपी आकाशाकडे चढणारी. पृथ्वीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांच्या योगानें विरळ हवेचा एक थर विद्युत्भारित होतो, आणि दिवसां तो या चढत्या लहरी जवळजवळ गिळूनच टाकतो. सूर्य मावळला कीं हा थर विरतो. मग लहरी आणखी वर, शंभर किलोमीटरांपलीकडच्या थरांपर्यंत पोंचतात आणि आरशावरून कवडसा परतावा तशा खालीं वळून शेंकडों, कधीं हजारों किलोमीटर दूर उतरतात. असा परावर्तक थर असला पाहिजे, हें केनेली आणि हेविसाइड यांनीं १९०२ मध्यें अनुमानानें सांगितलें. ॲपल्टन यांनीं १९२४ मध्यें तें प्रयोगानें सिद्ध केलें, आणि या क्षेत्रांतील कार्याबद्दल त्यांना १९४७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. वरचे थर स्थिर नसतात. वेगवेगळ्या वाटांनीं आलेल्या लहरी कधीं एकमेकींस हात देतात, कधीं एकमेकींस खोडून काढतात. विहिरींत बुडणारें आणि वर येणारें गाणें हा त्या उंचावरच्या हालचालीचाच परिणाम होय.

रात्र ही दूरश्रवणाची पहिली सोबतीण झाली. दुसरा सोबती समुद्र. जमिनीलगत जाणारी लहर जसजशी पुढें सरकते तसतशी जमीन तिची शक्ति शोषून घेते. कोरडा खडकाळ मुलूख ही शक्ति फार लवकर खातो. खारें पाणी मात्र विजेचें उत्तम वाहक आहे. सामान्य जमिनीच्या मानानें त्याची वाहकता शेंकडों, कित्येकदां हजारों पट अधिक असते. म्हणून समुद्रावरून जाणारी लहर फारशी झिजत नाहीं. आकाशाच्या वाटेनें आलेली लहरहि, जर ती क्षितिजालगत निजत निजत आली असेल, तर समुद्राच्या कडेवर अधिक जोरानें हातीं लागते. हा लाभ पाण्याच्या अगदीं कांठाशीं सर्वांत मोठा असतो, आणि जमिनीवर आंत जावें तसा तो ओसरत जातो.

तिसरी गोष्ट शांततेची. ही शांतता कानाची नव्हे, यंत्राची. आजच्या शहरांतील प्रत्येक घर विजेचा गोंगाट करीत असतें. छतावरचे एलईडी दिवे, भिंतीला लावलेले चार्जर, कोपऱ्यांतला इन्व्हर्टर हीं सर्व उपकरणें मध्यम लहरींच्या पट्ट्यांत आपली घरघर मिसळतात. माणसाला ती ऐकूं येत नाहीं. रेडिओला मात्र दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं. नाशिकच्या कॉलेज रोडवरील एखाद्या सदनिकेंत जो सेट मुका वाटतो, तोच सेट उघड्या पुळणीवर नेला कीं बोलूं लागतो. कित्येकदां दोष सेटाचा नसतो, शेजाराचा असतो.

समुद्रकांठीं जाऊन दूरचा आवाज पकडण्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण १९२१ च्या डिसेंबरांतलें आहे. दोनशें मीटरांच्या आसपासच्या आणि त्याहून आंखूड लहरी दूरच्या पल्ल्यास निरुपयोगी आहेत, अशी त्या वेळच्या जाणत्यांची समजूत होती, आणि म्हणूनच त्या हौशी लोकांच्या पदरीं टाकल्या होत्या. अमेरिकेंतील हौशी मंडळींच्या संघटनेनें पॉल गॉडली या तज्ज्ञास यंत्रसामग्रीसह स्कॉटलंडला धाडलें. त्यानें पश्चिम किनाऱ्यावरील आर्ड्रॉसन या गांवाजवळ तंबू ठोकला आणि सुमारें तेराशें फूट लांबीची तार जमिनीपासून थोड्या उंचीवर अमेरिकेच्या रोखानें ताणली. थंडी, पाऊस आणि वारा यांत तो रात्रीमागून रात्र कानाला यंत्र लावून बसला. ११ आणि १२ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्रीं कनेक्टिकट राज्यांतील ग्रीनिच येथून हौशी लोकांनींच उभारलेल्या एका स्थानकाचा संपूर्ण संदेश त्यानें उतरवून घेतला. मधें सारा अटलांटिक महासागर पसरलेला होता. ज्या लहरी टाकाऊ ठरल्या होत्या, त्यांनीं तो ओलांडला. आणि तें ज्यानें ऐकलें, तो एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेंत नव्हे, तर एका ओल्या तंबूंत बसला होता.

आज यासाठीं तंबूभर सामग्री लागत नाहीं. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यांत पॅसिफिक महासागरावर तुटलेले उंच कडे आहेत. तेथें पहांटे उभे राहून हातांत मावणाऱ्या सेटांवर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील स्थानकें ऐकणारे श्रोते आहेत. नॉर्वेच्या उत्तर टोंकाच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या दीर्घ रात्रींत असेच श्रोते जमतात. आणि हा व्यवहार एकतर्फी नाहीं. नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर एक हजार किलोवॅट शक्तीनें जी राष्ट्रीय वाहिनी रात्रीं प्रक्षेपित होत असे, तिची नोंद युरोपांतील हौशी श्रोत्यांच्या वह्यांत सांपडते. विदर्भांतल्या मनोऱ्यावरून निघालेला आवाज कोणा उत्तरेकडच्या माणसानें बर्फांत बसून ऐकला आणि वहींत ‘नागपूर’ असें लिहिलें, ही कल्पनाहि सुखद आहे.

नाशिककराला असा समुद्र कोठें मिळेल ? गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेची वाट धरते. श्रोत्यानें नेमकें उलट करावें. त्र्यंबक मागें टाकून मोखाडा, जव्हार या वाटेनें घाट उतरावा, कीं डहाणू-बोर्डीचा किनारा लागतो. सरळ रेषेनें हें अंतर सुमारें ११० किलोमीटर भरतें. येथें नकाशाची एक मौज आहे. नाशिक आणि डहाणू हीं दोन्ही २० उत्तर अक्षांशाच्या अगदीं लगत आहेत. हीच रेषा डहाणूच्या पुढें पश्चिमेस वाढविली, तर ती सौराष्ट्राच्या दक्षिण टोंकास, दीव बेटास उजव्या हाताला ठेवून उघड्या अरबी समुद्रावरून जाते. आणि सुमारें साडेचौदाशें किलोमीटरांनंतर ती ओमानच्या मसीरा बेटाच्या दक्षिण टोंकाजवळ पोंचते. मधें डोंगर नाहीं, शहर नाहीं, एखादा खडकहि नाहीं. नुसतें खारें पाणी. याच मसीरा बेटावर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून २००२ पर्यंत बी.बी.सी.चें पुनःप्रक्षेपण-केंद्र होतें, आणि १४१३ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरीवर तें दक्षिण आशियासाठीं बोलत असे. पुढें तें ओमानच्या मुख्य भूमीवर हलविलें गेलें.

बोर्डीची पुळण सपाट आहे. ओहोटीला समुद्र इतका मागें सरतो कीं सुरूच्या बनांतून पाहणाऱ्यास पाण्याची नुसती रेघ दिसते. कोकणांतील कोळी भरतीची वेळ पंचांगावरून काढतात : तिथीचा जो आंकडा, त्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीचा तास. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. म्हणजे त्या दिवशीं तिन्हीसांजेस पाणी भरून आलेलें असतें आणि श्रोत्यास बनाच्या कडेशींच समुद्र मिळतो. पौर्णिमेस हिशेब सव्वाअकराचा येतो. म्हणून त्या दिवशीं सायंकाळीं पूर्ण ओहोटी. अशा वेळीं पाण्याच्या मागोमाग दूरवर जाण्याचा मोह होतो, परंतु तो आवरावा. मिठानें भिजलेली ओली वाळू हीहि विजेची चांगलीच वाहक आहे, आणि सपाट पुळणीवर भरती माणसाच्या पाठीमागून केव्हां वळसा घालील याचा नेम नसतो. कानाला यंत्र लावलेल्या माणसास तर पाण्याची चाहूल लागत नाहीं. तिथीचा हिशेब करूनच बैठक मांडणें शहाणपणाचें.

हंगाम कार्तिकापासून माघापर्यंतचा. वैशाखाच्या अखेरीपासून आश्विनापर्यंत कोठें ना कोठें वीज कडाडत असते आणि प्रत्येक कडकडाट मध्यम लहरींवर चाबकाच्या फटकाऱ्यासारखा उमटतो. हिवाळ्यांत आकाश निवळतें. सामान फारसें लागत नाहीं : बॅटरीवर चालणारा, मध्यम लहरींचा पट्टा असलेला साधा सेट, कानांत घालण्याचें यंत्र, वही, पेन्सिल, घड्याळ, मंद उजेडाची विजेरी, पांघरावयास घोंगडी, आणि खाऱ्या वाऱ्यापासून सेट झांकण्यास एक फडकें.

या साध्या सेटांत एक हुषारी दडलेली असते, ती ओळखली म्हणजे अर्धी विद्या हातीं आली. सेटाच्या आंत फेराइट नांवाच्या काळ्या ठिसूळ पदार्थाची बोटभर जाडीची कांडी बसविलेली असते आणि तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. मध्यम लहरींसाठीं हेंच त्या सेटाचें एरियल. बाहेर ओढून काढतां येणाऱ्या दांडीचा येथें उपयोग नसतो. ही कांडी ज्या दिशेस आडवी पडते त्या दिशेचें तिला उत्तम ऐकूं येतें; ज्या दिशेकडे तिचें टोंक रोखलेलें असतें त्या दिशेला ती जवळजवळ बहिरी होते. बोर्डीहून मुंबई दक्षिणेस आहे आणि ओमान पश्चिमेस. म्हणून सेट असा धरावा कीं कांडीचें टोंक मुंबईकडे राहील. त्यासरशीं मुंबईचा दणदणीत आवाज दबतो आणि कांडीची कूस आपोआप पश्चिमेकडे वळते. बलवानाकडे दुर्लक्ष करण्याची सोय केली, कीं दुर्बळाचें ऐकूं येऊं लागतें. या छंदांतलें सारें कौशल्य मनगटाच्या एवढ्याशा वळणांत आहे.

दुसरी विद्या पाढ्यांची. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, आफ्रिका व युरोप या खंडांतील मध्यम लहरींच्या स्थानकांत नऊ किलोहर्ट्झचें अंतर ठेवण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळें या भागांतील नियमित स्थानकांचा कोणताहि आंकडा घेतला तरी तो नवाच्या पाढ्यांत बसतो. मुंबईनें वर्षानुवर्षें वापरलेले ५५८ आणि १०४४, पुण्याचा ७९२, नागपूरचा १५६६, मसीराचा १४१३, यांपैकीं कोणत्याहि संख्येतील अंकांची बेरीज करून पाहावी. ती नऊ किंवा अठराच येते. अमेरिकेंत मात्र हें अंतर दहा किलोहर्ट्झचें आहे. तेव्हां अंधारांत कांटा नेमका कोठें थांबवावयाचा, हें घरांतलें पाढे म्हणणारें मूलहि सांगूं शकेल.

पौष महिन्यांतली एखादी सायंकाळ घ्यावी. पांच वाजतां जमिनीलगतच्या वाटेनें येणारीं जवळचीं स्थानकें तेवढीं ऐकूं येतात. सव्वासहाच्या सुमारास सूर्य पाण्याला टेकतो. अंधार पूर्वेकडून येतो, म्हणून प्रथम पूर्वेकडचे आवाज जागे होतात. डोक्यावर अजून उजेड असतां पाठीमागच्या मुलुखांतील हिंदी, तेलुगु शब्द खरखरींतून वर येऊं लागतात. मसीराला सूर्यास्त बोर्डीहून सुमारें पंचावन्न मिनिटें उशीरा होतो. सात वाजून गेले, समुद्राच्या पैलतीरींहि रात्र झाली, कीं पश्चिम बोलूं लागते. अरबी, फारसी, उर्दू अशा भाषा एकमेकींवर चढतात. ज्यास त्या भाषा येत नाहींत त्यासहि बातम्यांची लय, प्रार्थनेचा स्वर आणि जाहिरातीची घाई यांतला भेद कळूं लागतो. मध्यरात्रीनंतर बरीच स्थानकें मिटतात आणि पट्ट्यांत ऐसपैस जागा होते. परंतु खरी पर्वणी पहांटेची. उजेडहि पूर्वेकडूनच येतो. पूर्वेकडचीं स्थानकें एकामागून एक विझत जातात, आणि बोर्डीला तांबडें फुटत असतां समुद्रापलीकडे अजून रात्रच असते. त्या अर्ध्या-पाऊण तासांत पश्चिमेचा आवाज, मधें कोणी आडवें न आल्यामुळें, कधीं कधीं आश्चर्य वाटावें इतका स्वच्छ येतो. मग सूर्य वर येतो आणि तो आवाजहि मावळतो.

या छंदाला एक नीति आहे. ऐकलें तेवढेंच लिहावयाचें. तारीख, वेळ, किलोहर्ट्झचा आंकडा, भाषा, आणि कार्यक्रमांत प्रत्यक्ष काय ऐकूं आलें तें वहींत नोंदवावें. स्थानकाचें नांव कानीं पडलें नसेल तर तें अंदाजानें भरूं नये. प्रत्येक नभोवाणी-संस्थेची एक ओळखीची धून असते. आकाशवाणीची वॉल्टर कॉफमन यांच्या नांवाशीं जोडलेली धून भारतीय श्रोता झोपेंतहि ओळखील. पैलतीरावरच्या श्रोत्यासहि ती तशीच खूण पटविते. नोंद पक्की असली कीं ती स्थानकाला पत्रानें कळवावयाची, आणि तिकडून खात्रीचें छापील कार्ड यावयाचें, अशी जगभर जुनी रीत आहे. हें कार्ड म्हणजे प्रामाणिक कानाची पावती. ज्यास खोटी नोंद करावयाची असेल त्यास अडविणारें कोणी नाहीं, आणि म्हणूनच खऱ्या नोंदीला किंमत आहे.

परंतु ही सारी केवळ करमणूक असती, तर तिच्यासाठीं श्रोत्यांचा एवढा वेळ घेण्याचें कारण नव्हतें. २५ जून १९७५ रोजीं देशांत आणीबाणी पुकारली गेली आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. मार्च १९७७ पर्यंतच्या त्या एकवीस महिन्यांत महाराष्ट्रांतील कित्येक घरांत रात्रीं दार लोटून, आवाज बारीक करून बी.बी.सी.च्या बातम्या ऐकल्या जात. त्यांतल्या कांहीं लघु लहरींवर येत, कांहीं मसीराच्या मध्यम लहरीवर. परक्या संस्थेच्या आवाजालाहि स्वतःची बाजू असते, हें विसरून चालणार नाहीं. तथापि दोन आवाज ऐकणाऱ्यास तुलना करतां येते. एकच ऐकणाऱ्यास ती करतां येत नाहीं. कोण ऐकतो आहे, कोणत्या घरांत ऐकतो आहे, हें प्रक्षेपकाला कळत नाहीं आणि त्या लहरीवरून दुसऱ्या कोणासहि कळत नाहीं. तारेनें किंवा दूरध्वनीच्या जाळ्यानें येणाऱ्या बातमीला हा गुण नाहीं. तेथें जाळें बंद केलें कीं घर मुकें होतें.

समुद्रावरच्या माणसाला तर हा आवाज जिवाचा प्रश्न आहे. नाशिकचें आकाशवाणी केंद्र १०१.४ मेगॅहर्ट्झवर एफएम पद्धतीनें बोलतें. गाणें त्यावर अतिशय गोड येतें. पण एफएमची लहर साधारणतः नजरेच्या टप्प्यापर्यंतच जाते आणि पृथ्वीच्या वळणाआड ती तुटते. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटर आंत गेलेल्या मच्छिमारी होडीवर ती क्वचितच पोंचते. मोबाइलचा संदेश तर त्याच्याहि पुष्कळ अलीकडे थांबतो. मध्यम लहर मात्र खाऱ्या पाण्यावरून दिवसांहि शेंकडों किलोमीटर जाते, आणि ती पकडण्यास लागणारा सेट तांडेलाच्या खिशांत मावतो. नोव्हेंबर २००९ मध्यें ‘फयान’ चक्रीवादळ अरबी समुद्रांत बघतां बघतां बळावलें, ११ तारखेस कोकण किनाऱ्यावर येऊन आदळलें, आणि समुद्रांत गेलेल्या अनेक होड्या त्याच्या तडाख्यांत सांपडल्या. ज्या कोळीवाड्यांना तो दिवस आठवतो, त्यांना आवाज कोठवर पोंचतो हा प्रश्न छंदाचा वाटणार नाहीं.

आणि हा आवाज आतां जगभर विरत चालला आहे. जर्मनीच्या डॉइचलांडफुंक या संस्थेनें २०१५ च्या अखेरीस आपल्या मध्यम लहरी बंद केल्या. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी जानेवारी २०१९ मध्यें थांबली. आकाशवाणीचे इतरहि अनेक मध्यमलहर-प्रक्षेपक गेल्या कांहीं वर्षांत मिटले आहेत. याला कारणें आहेत : असा प्रक्षेपक वीज फार खातो, त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात, त्याच्या मनोऱ्यांनीं व्यापलेली जमीन मोलाची झालेली असते, आणि शहरांतील श्रोता एफएमकडे व मोबाइलकडे वळलेला असतो. आकाशवाणीनें ३५ मध्यमलहर-प्रक्षेपकांवर डिजिटल पद्धतीची सोय केली. परंतु तिच्यासाठीं निराळा सेट लागतो, आणि तो सामान्य घरांत अजून क्वचितच दिसतो. खर्चाचा हिशेब खोटा नाहीं. मात्र त्या हिशेबांत शहरांतला श्रोता मोजला जातो. होडींतला, डोंगरापलीकडचा आणि वर्तुळाबाहेरचा श्रोता मोजावयाचा राहून जातो.

तो मोजण्याचें साधन मोठें नाहीं. समुद्रकांठीं बसून ठेवलेली वही हेंच तें साधन. अमुक तारखेस, अमुक वेळीं, अमुक आवाज येथपर्यंत आला, अशी हजार रात्रींची खरी नोंद असेल, तर कोणता प्रक्षेपक कोणाला उपयोगी पडत होता हें दाखवितां येतें. आणि तो बंद झाल्यावर काय हरपलें हेंहि सांगतां येतें. अशी वही ठेवण्यासाठीं अधिकार लागत नाहीं, पदवी लागत नाहीं. घरांतल्या फळीवर धूळ खात पडलेला जुना ट्रान्झिस्टर, चार सेल आणि थोडा धीर एवढ्यावर आरंभ होतो. बोर्डीला जाणें न घडलें तर शहराबाहेरची एखादी टेकडी, रात्रीच्या वेळीं घरांतले दिवे मालवून गांठलेली गच्ची, येथूनहि सुरुवात करतां येईल. समुद्र नसला तरी रात्र सर्वांच्या वांट्यास सारखीच येते.

१९२७ मध्यें मुंबईच्या भोंवतीं काढलेल्या त्या तीस मैलांच्या वर्तुळाबाहेर नाशिक होतें, आणि तरीहि रात्रीच्या आधारानें तेथें आवाज पोंचूं शकत असे. वर्तुळें नेहमींच कोणा ना कोणास बाहेर ठेवतात. बाहेरच्यांपर्यंत पोंचणारा आवाज अजून पुरता थांबलेला नाहीं, तोंवर तो ऐकणारा कोणी तरी कांठावर असला पाहिजे.